लॅम्बोर्नची गाळणी

शनिवारी सकाळी पार्जेटरांच्या घरी दोन गोष्टी एकदमच बसल्या. परसातल्या शेडमध्ये जुन्या लॅम्बोर्न मोटारीचा तेलाचा दाब बसला, आणि बैठकीच्या खोलीत आर्थरच्या खुर्चीवर त्याची बहीण बिॲट्रिस बसली. यांतली दुसरी गोष्ट विनिफ्रेडला जास्त लागली.

त्या खुर्चीवर वर्षभरात कुणी बसलं नव्हतं. आर्थर गेल्यापासून विनिफ्रेड तिच्यावरची धूळ झटकायची, उशी सरळ करायची आणि समोरच्या लहान खुर्चीवर जाऊन बसायची. बिॲट्रिस आली, हातमोजे काढले, इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ त्या खुर्चीत रुतली. वर म्हणाली, "स्प्रिंगा गेल्यात."

म्हणाली ती खिडकीला. विनिफ्रेडशी ती बोलत नसे आणि विनिफ्रेड तिच्याशी. तीसेक वर्षांपूर्वीच्या नाताळात जेवणाच्या टेबलावर जे झालं, तेव्हापासून दोघी नणंदभावजया लग्नात, बारशात आणि अंत्यविधीत भेटायच्या आणि मधल्या माणसांमार्फत बोलायच्या. या वेळी मधलं माणूस म्हणून जावई डेझमंड होता. त्याचा स्वभाव या कामाला फार सोयीचा. जो शेवटचं बोलेल त्याचं त्याला पटायचं.

"डेझमंड, आत्याबाईंना विचार, चहात दूध घालू का."

"घाल म्हणावं. आणि या खेपेला उकळतं पाणी वापर म्हणावं."

तेवढ्यात मागच्या दारातून गिल्बर्ट आत आला. विनिफ्रेडचा हा थोरला. शाळेत लॅटिन शिकवायचा, आणि मोटारीला हात लावतानाही मुलांच्या वह्या तपासायला बसल्यासारखा चेहरा करायचा.

"आई, इंजिन सुरू झालं. पण तेलाचा काटा वर चढतच नाही. गाळणी चोंदलीय."

"मग धू की."

"धुवायची नसते, बदलायची असते," त्याच्या मागून रोझलिंड म्हणाली. ती धाकटी, डेझमंडची बायको. जनावरांची डॉक्टर असल्यामुळे तिचे हात कोपरापर्यंत कशात ना कशात तरी बरबटलेलेच असायचे, आज तेलात. "आणि मी नवा फिल्टर आणलाय. शिवाय तो जोडायला मधला तुकडा. जुनं भांडं काढायचं, तुकडा लावायचा, त्यावर हा फिरवून बसवायचा. चहा निवायच्या आत काम होतं."

तिनं खोक्यातून पांढरा, गुळगुळीत डबा काढून टेबलावर ठेवला. चर्चच्या वेदीवर कुणी प्लास्टिकची फुलं आणून ठेवावीत, तसं गिल्बर्टनं त्याच्याकडे पाहिलं.

"हे? बाबांच्या गाडीत?"

"गाडीच्या पोटात, गिल्बर्ट. बाहेरून कुणाला दिसतंय?"

"तपासनीस टिमिन्सला दिसेल. तो उद्या सकाळी प्रत्येक गाडीचं झाकण उघडून बघणार. हा डबा दिसला की आपण 'बदल केलेल्या गाड्यां'त जाणार. म्हणजे रांगेत शेवटी. आणि पहिली जागा मेजर हॉस्किन्सला."

हे ऐकून रोझलिंडनंही डबा जरा मागे सरकवला. ब्रॉकहिलचा चढ म्हणजे सप्टेंबरातला तो रविवार, ज्या दिवशी साऱ्या वूस्टरशरमधल्या जुन्या मोटारी आणि त्यांचे त्याहून जुने मालक धूर काढत टेकडी चढायचे. आर्थरनं एक साल चुकवलं नव्हतं. गिल्बर्टचा जन्म झाला तो दिवसही चढाचाच. मुलगा झाल्याचं त्याला टेकडीच्या माथ्यावर कळलं, आणि घरी आल्यावर त्यानं आधी चढ कसा गेला ते सांगितलं आणि मग पोर पाहिलं. चौतीस सालची त्याची लॅम्बोर्न रांगेत सगळ्यांत पुढे असायची आणि तिच्या मागे मेजर हॉस्किन्स दात खात उभे असायचे. यंदा आर्थर नाही, तरी क्लबनं त्याची जागा राखली होती. गाडी जशी होती तशी आली पाहिजे, एवढीच अट.

"मी अस्सल नमुन्याची गाळणी मागवलीय," गिल्बर्ट म्हणाला. "कॉव्हेंट्रीला एक गृहस्थ हातानं बनवतात. लोकरीचा नमदा, तारेचा सांगाडा, सगळं कारखान्यात होतं तसं."

"कधी येतेय?"

"येईल."

"कधी?"

"नोव्हेंबरात."

"चढ उद्या आहे, गिल्बर्ट."

"दोघांचंही बरोबर आहे," डेझमंड म्हणाला.

विनिफ्रेडला मनातून रोझलिंडचं पटलं होतं. ते पोटात घाला नाही तर पाठीवर, एकदाची गाडी चालवा आणि शेड बंद करा. ती तसं म्हणणारच होती, पण तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"पोरीचं बरोबर आहे. तेल स्वच्छ मिळाल्याशी कारण. गाळणी जुनी की नवी, इंजिनाला काय कळतंय."

विनिफ्रेडनं चहाची किटली खाली ठेवली. "गिल्बर्ट म्हणतोय तेच खरं," ती म्हणाली. "आर्थरच्या गाडीत परकी वस्तू जाणार नाही."

रोझलिंडनं आईकडे नुसतं पाहिलं. काल रात्री फोनवर हीच आई तिला 'कसला तरी फिल्टर आण गं बाई, आणि हे मिटव' असं म्हणाली होती.

दुपारी जेवायला थंड हॅम होतं, उकडलेले बटाटे होते, आणि गाळणी होती. म्हणजे बोलणं तेवढंच होतं. बिॲट्रिसनं डेझमंडला सांगितलं, की लढाईत ती लष्कराच्या रुग्णवाहिका चालवायची तेव्हा निम्म्या गाड्यांना गाळणीच नसायची. तेल वरचेवर बदललं की झालं. विनिफ्रेडनं डेझमंडला सांगितलं, की म्हणूनच निम्मे जखमी वाटेत राहायचे. बिॲट्रिसनं डेझमंडकडे हॅमवर घ्यायला वाटलेली मोहरी मागितली. ती विनिफ्रेडच्या हाताशी होती. डेझमंड टेबलाला पूर्ण वळसा घालून गेला आणि मोहरी घेऊन आला.

परत बसताना वातावरण निवळावं म्हणून तो म्हणाला, "आमचा एक काका होता. तो गाळणीच्या भांड्यात टॉयलेट पेपरचं अख्खं भेंडोळं घालायचा. तेल अगदी मधासारखं राहायचं म्हणे."

गिल्बर्टनं काटाचमचा खाली ठेवला आणि तोंड पुसलं.

"डेझमंड, आम्ही जेवतोय."

"मी आपला एक पर्याय सांगितला."

जेवण झाल्यावर मुलं शेडमध्ये गेली. विनिफ्रेडनं भांडी विसळली. बैठकीत बिॲट्रिस शब्दकोड्याशी झटापट करत होती; मधूनमधून तिचं खाकरणं ऐकू येत होतं. मग शेडमधून शिव्या ऐकू आल्या. लॅटिनमधल्या नव्हत्या, तेव्हा रोझलिंडच्या असणार. विनिफ्रेडनं चहाचा ट्रे उचलला आणि ती निघाली.

रोझलिंडच्या तुकड्याचे आटे जुळले नव्हते. गाडीचे आटे त्या काळचे, तुकड्याचे आजचे. अर्धा फेरा फिरायचा आणि अडायचा. "जाहिरातीत 'सर्व जुन्या इंजिनांना' असं लिहिलंय," ती तावातावानं म्हणत होती. "सर्व म्हणजे सर्व."

"लॅटिनमध्येही सर्व म्हणजे सर्वच," गिल्बर्ट म्हणाला. त्याला आनंद लपवता येत नव्हता. "आता एकच वाट उरली. आहे तीच गाळणी धुऊन परत घालायची. कारखान्यातून आलेली. बाबा दर वर्षी ती काढून रॉकेलमध्ये धुवायचे; शेवटची दोन वर्षं आजारपणात राहून गेलं."

त्यानं पितळी भांड्याचा बोल्ट सोडवला. आतून तारेच्या सांगाड्याला चिकटलेला काळाकुट्ट, तेलकट गोळा निघाला. रोझलिंडनं तो बादलीतल्या रॉकेलमध्ये बुडवला आणि नुकत्याच जन्मलेल्या वासराला पुसावं तशी हलक्या हातानं चोळू लागली. रॉकेल काळं झालं. ते ओतून तिनं दुसरं रॉकेल घेतलं.

"बघा," गिल्बर्ट वर्गात उभा राहिल्यासारखा म्हणाला. "साठ वर्षांपूर्वीचं कापड. वीण बघा. आजकाल असं काम कुठे मिळतं?"

कापड हळूहळू स्वच्छ होत होतं. आधी करडं झालं, मग मातकट, मग त्यात रंग दिसू लागला. गर्द हिरवा. रोझलिंडनं ते उलटं केलं तसं शिवणीपाशी ते फाटलं आणि तिच्या हातात दोन तुकडे आले. एका तुकड्यावर रेशमी पट्टीनं मढवलेलं काज होतं.

"कारखान्यात गाळणीला काज कशाला करत असतील?" डेझमंडनं विचारलं.

विनिफ्रेडनं ट्रे गाडीच्या नाकाडावर ठेवला. एरवी असं कुणी केलं असतं तर आर्थर तीन दिवस बोलला नसता. तिनं तो तुकडा बादलीतून उचलला, पिळला आणि उजेडाकडे धरला.

वूस्टरच्या शिंप्याकडून तो कोट तिनं शिवून घेतला होता. रोझलिंड तेव्हा रांगत होती. रेशमी पट्टीची काजं करायला शिंपी तयार नव्हता, तिनं हट्टानं करून घेतली. एक हिवाळा तिनं तो घातला. पुढच्या सप्टेंबरात चढासाठी बिॲट्रिस चार दिवस राहायला आली, आणि ती गेल्यावर कपाटात कोट नव्हता. पुढे महिन्याभरात विनिफ्रेडनं तिला वूस्टरच्या बाजारात लांबून पाहिलं, तर अंगात हिरवा कोट. मग तो नाताळ आला, भाजलेल्या बदकावरून शब्दाला शब्द वाढला, आणि विनिफ्रेड सगळ्यांसमोर म्हणाली, 'निदान चोरलेला कोट घालून तरी माझ्या टेबलाशी बसू नकोस.'

तुकड्याच्या कडेला लाल दोऱ्याचे टाके होते. लांब, वाकडे, एकमेकांना टाळणारे. आर्थर मोजे असेच शिवायचा.

"आई," गिल्बर्ट खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "हे काय आहे?"

"तुझ्या बापाचा अस्सलपणा," विनिफ्रेड म्हणाली, आणि थबथबतं कापड हातात घेऊन घराकडे निघाली. रॉकेलचे थेंब फरशीवर, गालिच्यावर, सगळीकडे पडत गेले.

बिॲट्रिसनं शब्दकोड्यातून मान वर केली. विनिफ्रेड समोर उभी होती. मध्ये डेझमंड नव्हता. दोघींनी एकदा सवयीनं त्याला शोधलं.

"तू माझा कोट घेतला नव्हतास," विनिफ्रेड म्हणाली.

"नाही."

"आर्थरनं घेतला."

"हो."

विनिफ्रेड माफी मागायला आली होती. अंगणातून येताना तिनं वाक्य जुळवलंही होतं. पण त्या 'हो'नं तिचं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"तुला माहीत होतं?"

"त्या नाताळनंतर आठवड्यानं आला माझ्याकडे. तोंड एवढंसं झालेलं. म्हणाला, बी, गाळणी फाटली होती, लॅम्बोर्नचा कारखाना बंद, चढ दोन दिवसांवर. कपाटात जाड लोकर दिसली. वाटलं, विनी आता तो घालत नसेल."

"सप्टेंबर होता. सप्टेंबरात कोण घालतं?"

"मी तेच म्हटलं त्याला."

"आणि बाजारातला तुझा हिरवा कोट?"

"माझाच. तुझा छान दिसला म्हणून मीही शिवून घेतला. साध्या काजांचा."

विनिफ्रेड समोरच्या लहान खुर्चीवर टेकली. हातातल्या कापडातून तिच्या स्कर्टवर रॉकेल टपकत होतं. तिला राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. एक जण वर्षापूर्वी हाताबाहेर गेला होता आणि दुसरीला तिनंच तीस वर्षं चोर ठरवलं होतं.

"मग बोलली का नाहीस?" तिनं विचारलं. "इतकी वर्षं ऐकून घेतलंस. रोझलिंडच्या लग्नात मी तुझ्यादेखत कोटांच्या खोलीला कुलूप लावलं, तेसुद्धा. त्याच्यावर एवढी माया?"

"माया कसली," बिॲट्रिस म्हणाली. "तुला कळलं असतं तर तू त्याला घराबाहेर काढलं असतंस."

"काढलंच असतं."

"आणि तो कुठे आला असता? माझ्याकडे. गाडी घेऊन."

विनिफ्रेडनं तिच्याकडे पाहिलं. बिॲट्रिसचा चेहरा गंभीर होता. ती खरंच सांगत होती. विनिफ्रेडला आधी वाटलं, आपल्याला हुंदका येतोय. पण ते हसू होतं, आणि एकदा सुटल्यावर ते तिला आवरेना. तिला पाहून बिॲट्रिसचेही खांदे हलू लागले. धावत आलेली मुलं दारात थबकली. आई आणि आत्या एकाच खोलीत, एकाच गोष्टीला हसताहेत, हे त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"आत्याला माहीत होतं," विनिफ्रेड डोळे पुसत म्हणाली. "सगळं."

रोझलिंड आत्याच्या खुर्चीच्या हातावर बसली. गिल्बर्ट उभाच राहिला. "बाबांनी," तो सावकाश म्हणाला, "बायकांचा कोट घातला. चौतीसच्या लॅम्बोर्नमध्ये. आणि मी टिमिन्सला लेखी कळवलंय, की गाडीतला एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही."

"स्क्रू नाहीच बदलला," डेझमंड म्हणाला.

"एका परीनं बाबांचं चुकलं नाही," रोझलिंड म्हणाली. "इतकी वर्षं इंजिनाला ओरखडा नाही. लोकर चांगली होती."

"एवढी जाडजूड गोष्ट विचारल्याशिवाय घेतलीच कशी, ते नाही विचारत कुणी," बिॲट्रिस म्हणाली.

"विचारलं असतं तर विनीनं दिली नसती," विनिफ्रेड स्वतःबद्दलच म्हणाली, "म्हणून." मग ती उठली. "पण गाळणी आता हवीच. हॉस्किन्स पुढे जाता कामा नये. तारेचा सांगाडा शाबूत आहे ना?"

"सांगाडा आहे. पण कापड कुठून आणणार? दुकानं बंद होतील," गिल्बर्ट म्हणाला. "आणि लोकर जाड पाहिजे, घट्ट विणलेली."

"माहितेय कशी पाहिजे ती. माझी घालून तपासून झालीय."

ती जिना चढून वर गेली. बिॲट्रिसही कठड्याला धरून, धापा टाकत मागोमाग गेली. वरच्या कपाटात आर्थरचा काळा ओव्हरकोट टांगलेला होता. त्याचे बाकीचे कपडे विनिफ्रेडनं वसंतातच चर्चच्या विक्रीला दिले होते. हा तीनदा बाहेर काढला आणि तीनदा परत टांगला. बाहीला अजून त्याच्या पाइपचा वास होता.

तिनं तो पलंगावर पसरला, कात्री घेतली आणि हात तिथेच थांबला. बाहेर बागेत कबुतरं घुमत होती. कात्री कापडाला टेकली होती, पण मिटेना.

बिॲट्रिस पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि तिनं कोटाचं टोक घट्ट ताणून धरलं.

"खिशापासून सुरू कर," ती म्हणाली. "तो त्याला कधी लागलाच नाही. त्यात हात घालून त्यानं पैसे काढलेले मी तरी पाहिले नाहीत."

"आमच्या लग्नात काढले होते. पाद्रीबाबांना दिले."

"ते मी दिले होते, विनी."

कात्री चालली.

खाली स्वयंपाकघराच्या टेबलावर दोघी शिवायला बसल्या. सुया मोडू लागल्या तशी रोझलिंडनं गाडीतून आपली पेटी आणली आणि गायींना टाके घालायची वाकडी सुई आणि दोरा दिला. गिल्बर्ट जुन्या हिरव्या तुकड्यांची मापं घेऊन काळ्या कापडावर खडूनं खुणा करत होता. तोंडानं "हे बरोबर नाही, हे अजिबात बरोबर नाही" चालू होतं, पण खुणा अचूक होत्या. मध्ये एकदा तो थांबला.

"आई, बाबांचा कोट आहे गं हा."

"तो हिरवाही माझाच होता," विनिफ्रेड म्हणाली. "पुढची खूण कर."

टाके कुणाचे चांगले यावरून दोघींचं वाजलं. बिॲट्रिसनं विनिफ्रेडची एक शिवण उसवून पुन्हा घातली, विनिफ्रेडनं बिॲट्रिसच्या दोन. डेझमंड आपल्यामार्फत काही बोलतील म्हणून मध्ये जाऊन बसला होता. त्याला कुणी काही सांगितलं नाही. शेवटी तो उठला आणि त्यानं चहा केला.

ऊन कलायच्या आत गाळणी भांड्यात बसली. गिल्बर्टनं इंजिन सुरू केलं. लॅम्बोर्न खोकली, थरथरली, निळा धूर सोडून ठेक्यात आली. सगळे तेलाच्या काट्याकडे डोळे लावून उभे राहिले. काटा थोडा हलला, अडला, आणि मग पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा दमानं वर जाऊन आपल्या जागी उभा राहिला. रोझलिंडनं भावाच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या शर्टावर तिच्या पाच बोटांचं काळं उमटलं, आणि त्याला ते कळलंही नाही.

रविवारी सकाळी ब्रॉकहिलच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागली. सगळ्यांत पुढे लॅम्बोर्न. स्टिअरिंगवर गिल्बर्ट, शेजारी विनिफ्रेड, मागे गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बिॲट्रिस. पाठीमागच्या गाडीतून मेजर हॉस्किन्सनी टोपी उंचावली. त्यांच्या डोळ्यांत आशा अजून जिवंत होती.

तपासनीस टिमिन्स झाकण उघडून बराच वेळ आत वाकला होता. मग त्यानं पितळी भांड्यावर बोटानं टिचकी मारली.

"गाळणी कुठली, मिस्टर पार्जेटर? लॅम्बोर्नची मूळ गाळणी आता मिळत नाही म्हणतात. बरेच जण काहीबाही बसवतात. ही अस्सल आहे?"

गिल्बर्ट आयुष्यात खोटं बोलला नव्हता. लहानपणी मार चुकवायलाही नाही. त्याचे कान लाल झाले. विनिफ्रेडनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली. मागे बिॲट्रिसचं खाकरणं मध्येच थांबलं. टिमिन्स पेन्सिल धरून वाट बघत होता.

"ही वडिलांची आहे," गिल्बर्ट म्हणाला. "पूर्णपणे वडिलांचीच."

टिमिन्सनं टोपी काढली, क्षणभर मान खाली घातली आणि कागदावर खूण केली. झाकण बंद झालं. पुढचा निशाणवाला हात वर करून उभा राहिला.

मागून बिॲट्रिस पुढे वाकली आणि विनिफ्रेडच्या कानाशी म्हणाली, "मुलगा चांगला घडवलास."

"खोटं नाही बोलला तो."

"म्हणूनच म्हणते," बिॲट्रिस म्हणाली, आणि लॅम्बोर्ननं चढ धरला.